मास्तर जिथे उभे होते

"ही खिडकी आमची नाही," बाई म्हणाल्या.

ग्रामपंचायतीच्या हॉलची दारं लावून घेतली होती. समोरच्या भिंतीवर माझ्या लॅपटॉपमधली शाळा उभी होती. एका खोलीची, कौलारू, मधोमध दार आणि दाराच्या दोन बाजूंना दोन खिडक्या. अंगणात पांढरी वाळू, मागे माड, माडांमधून खाडीचं पाणी चमकत होतं. मी माउस सरकवला की सगळं दृश्य सावकाश वळायचं. आपणच त्या अंगणातून चालत शाळेला वळसा घालतोय असं वाटायचं. ही शाळा तीसेक वर्षांपूर्वी वाळूखाली गेली. हॉलमधल्या निम्म्या लोकांनी ती कधी पाहिलीच नव्हती.

"कुठली खिडकी, बाई?" मी विचारलं.

"समोरची नव्हे, डाव्या बाजूच्या भिंतीची. त्या भिंतीला खिडकी नव्हती. आतून तिथे मी भारताचा नकाशा लावायचे. खिडकी असती तर नकाशा कुठे लावला असता?"

मागे दोघंचौघं हसली. सरपंच राजन माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "बाई आता विसारतत. तुमी मनावर घेव नका."

मी मान हलवली. पण मला ठाऊक होतं, बाईंचंच बरोबर आहे. ती खिडकी कुठल्याच फोटोत नव्हती. आमच्या सॉफ्टवेअरने ती स्वतःच्या मनाने घातली होती.

माझं काम काय ते आधी सांगते. एक बोट डोळ्यांसमोर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. बोट इकडून तिकडे उडी मारतं. मागची भिंत मात्र जवळजवळ तिथेच राहते. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. या सरकण्यावरून वस्तू किती लांब आहे ते काढता येतं. आपला मेंदू हे दिवसभर करतो, आपल्या नकळत. कॉम्प्युटरला तेच शिकवतात, त्याला कॉम्प्युटर व्हिजन म्हणतात. एकाच जागेचे वेगवेगळ्या कोनांतून काढलेले फोटो दिले की तो दोन गोष्टी सांगतो. एक, कौलाचा कोपरा, खांब, दगड हे अवकाशात नेमके कुठे होते. दुसरी, प्रत्येक फोटो कुठून काढला. पहिल्या गोष्टीतून रंगीत ठिपक्यांचा एक ढग तयार होतो. त्या ढगाला दाट करत गेलं की घर दिसतं, अंगण दिसतं. दुसऱ्या गोष्टीकडे कोणी फारसं बघत नाही. मीही बघत नव्हते.

जो भाग एकाही फोटोत आलेला नाही, तिथे ढगाला भोक पडतं. नवं सॉफ्टवेअर ती भोकं भरून देतं. त्याने लाखो घरं पाहिलेली असतात. इथे बहुधा अशी भिंत असेल, तिला बहुधा खिडकी असेल, असा अंदाज करून ते चित्र पूर्ण करतं. इतकं छान करतं की जोड दिसत नाही.

आमची कंपनी पुण्याची. मी कुडाळला घरूनच काम करते. मालवणच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी असलेल्या या गावाला आपली वाळूत बुडालेली वाडी पर्यटकांना मोबाइलवर दाखवायची होती. आमच्या ऑफिसात सिंधुदुर्गातली मी एकटीच, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. साहित्य म्हणजे एकसष्ट फोटो. सगळे सुमतीबाईंकडचे, म्हणजे याच बाईंकडचे. त्यांचे यजमान आणि त्या, दोघं मिळून ही शाळा चालवायचे. यजमानांना अख्खं गाव मास्तर म्हणायचं. मास्तरांकडे कॅमेरा होता. ते जाऊन बरीच वर्षं झाली.

ढगाला भोकं पुष्कळ होती. मी माझे वरिष्ठ केतन यांना फोन केला होता.

"सर, डाव्या बाजूचा एकही फोटो नाहीये. मोकळं ठेवू का?"

"वृषाली, क्लायंटला भोक दिसलं की त्याला काम अर्धवट वाटतं. फिल मार."

"पण ते खरं नसेल."

"तीस वर्षांपूर्वीची शाळा कोण तपासायला बसलंय?"

मी फिल मारलं. आणि तपासायला ऐंशीच्या घरातल्या बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

डेमो संपला. दारं उघडली, एप्रिलचं ऊन आत आलं आणि भिंतीवरची शाळा फिकी होत होत नाहीशी झाली. लोक उठले. राजन मात्र तिथेच उभे राहिले.

"मॅडम, ह्यां सगळां बरां आसा. पण ह्येच्यात आमची बाव खंय दिसता?"

बाव म्हणजे विहीर. वाडीची गोडी बाव शाळेच्या बाजूला होती. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण पाणी कधी खारट झालं नाही. मग एका पावसाळ्यात खाडीचं तोंड सरकलं, वाऱ्याने वाळूचे डोंगर आणले. बारा घरं, शाळा, विहीर सगळं दबलं. लोक वर रस्त्याकडे राहायला आले, बरेचसे मुंबईला गेले. पुढे नळयोजना आली आणि वाळूत सगळ्या खुणा गेल्यावर विहीर नेमकी कुठे होती ते उरलेल्यांना सांगता येईना. आता दोन उन्हाळे नळाला मचूळ पाणी येत होतं. चहा फाटायचा. लहान मुलांच्या अंगावर पुरळ उठायचं. टँकर आला तर आला.

गावाने आदल्या वर्षी अंदाजाने एक खड्डा मारला होता. विहीर सापडली नाही आणि किनाऱ्यावर विनापरवाना खोदलं म्हणून नोटीस आली. यंदा रीतसर अर्ज केला. परवानगी मिळाली, पण एकाच खड्ड्याची. जागा आधी नकाशावर दाखवायची, पावसाआधी खोदायचं, विहीर नाही मिळाली तर बुजवायचं. पुन्हा अर्ज चालणार नाही.

"शाळा खंय होती ता तुमका कळलां मगे?" राजननी विचारलं.

ते कळलं होतं. मास्तरांच्या बऱ्याच फोटोंच्या मागे काही ना काही असं दिसत होतं जे आजही जागेवर आहे. देवळाची दीपमाळ, समुद्रातले काळे खडक, पलीकडच्या डोंगराची कड. त्यांच्यावरून मी शाळेची जागा काढली होती. चूक असली तर हात-दोन हातांची. आता त्या जागी सुरूची झाडं आणि मर्यादवेल आहे.

"शाळा सांगू शकते. विहीर फोटोत कुठेच नाही."

"एकाही फोटोत नाय?"

"एकाही."

हे मलाही विचित्र वाटलं होतं. गावातला माणूस इतकी वर्षं शाळेचे फोटो काढतो आणि शेजारची विहीर एकदाही चुकून येत नाही.

मी बाईंना विचारलं. त्या भिंतीकडे बघत होत्या. तिथे आता काही नव्हतं.

"शाळेकडे तोंड केलं की उजव्या हाताला," त्या म्हणाल्या. "म्हणजे... मला वाटतं उजव्या."

"डाव्या!" दारातून आवाज आला.

हे आबा. सत्तरीचे शेतकरी. भात आणि काजू करतात. त्यांचं मूळ घर वाडीत होतं, पण ते चार वर्षांचे असतानाच कुटुंब मुंबईला गेलं आणि ते परतले तेव्हा वाडी वाळूखाली गेली होती.

"माझ्याकडे फोटो आसा. आई-बापाशीच्या लग्नातलो. बावीकडे उभी आसत दोघांय, मागे शाळा. घराक येवा, दाखवतंय. फोटो काय खोटां सांगतलो?"

संध्याकाळी मी आबांच्या घरी गेले. ओटीवर, देवाच्या तसबिरींच्या रांगेत तो फोटो टांगलेला होता. मालवणहून बोलावलेल्या कोणा फोटोग्राफरने काढलेला. कृष्णधवल, कडा पिवळ्या पडलेल्या. धोतर आणि खमीस घातलेला तरुण, शेजारी नऊवारीतली लहानखुरी मुलगी. त्यांच्या बाजूला चिऱ्यांचा गोल कठडा. मागे शाळा, अगदी समोरून. आणि कठडा शाळेच्या डाव्या हाताला. स्वच्छ.

मी फोटो काचेतून काढून स्कॅन केला आणि सॉफ्टवेअरला दिला. त्याने तो नाकारला. लाल अक्षरात लिहून आलं, जुळत नाही.

असं जुन्या, धूसर फोटोंचं होतं. मी हाताने बिंदू लावले. कौलाचा हा कोपरा म्हणजे तो कोपरा, दाराची ही चौकट म्हणजे ती चौकट. शाळेचा दर्शनी भाग दोन्ही बाजूंना सारखाच, त्यामुळे कोपरे बरोबर बसले. लाल अक्षरं हिरवी झाली. विहीर डाव्या बाजूला आली. मी राजनना फोन करून सांगितलं, डावीकडे. त्यांनी सोमवारचा जेसीबी ठरवला.

मधे शनिवार-रविवार होते. खिडकीची गोष्ट मनातून जात नव्हती. मी शाळेचं दुसरं रूप तयार केलं, एकही भोक न भरता. जे फोटोत होतं तेवढंच. शाळा आता एका बाजूने नीट दिसायची आणि दुसऱ्या बाजूने विरत जायची. सकाळच्या धुक्यात अर्धं घर दिसावं तशी. ती बाईंना दाखवावी आणि त्यांचे मूळ फोटो परत द्यावेत म्हणून रविवारी मी त्यांच्याकडे गेले. डोळ्यांवर लावायचा हेडसेट बरोबर नेला. तो लावला की पडदा लागत नाही, माणूस थेट दृश्यात उभा राहतो.

बाई ओटीवर खुर्चीत बसल्या होत्या. मी हेडसेट त्यांच्या डोक्यावर बसवला, पट्टा सैल केला. त्या एकदम ताठ झाल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. मान हळूहळू वळत होती. एकदा त्यांनी हात पुढे केला आणि हवेत काहीतरी चाचपलं. मी लॅपटॉपवर बघितलं. दाराची कडी होती तिथे.

"आता खिडकी नाही," त्या म्हणाल्या.

"नाही. माफ करा. ती माझी चूक होती."

"मुलं कुठे गेली?"

"मुलं हलतात ना. एका फोटोत इथे, दुसऱ्यात तिथे. जे हलतं ते कॉम्प्युटरला पकडता येत नाही. त्याचं असं धुकं होतं."

"हे पायरीवरचं पांढरं?"

"हो. ती मुलं."

बाई त्या धुक्याकडे बघून हसल्या. "एका जागी बसतच नसत," त्या म्हणाल्या. आणि नंतर, "हे निळे शंकू कसले गं?"

माझी धांदल उडाली. ते कामाच्या वेळी दिसतात आणि गिऱ्हाइकाला दाखवायच्या आधी बंद करतात. मी बंद करायला विसरले होते.

"ते कॅमेरे आहेत, बाई. प्रत्येक फोटो जिथून काढला, तिथे एक शंकू. टोक म्हणजे कॅमेरा. शंकू उघडतो त्या दिशेला कॅमेरा बघत होता."

"म्हणजे फोटो काढणारा त्या टोकाशी उभा?"

"हो."

"मग हे मास्तर."

हे वाक्य माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. या प्रोजेक्टमध्ये मी ते शंकू महिनाभर बघत होते. मला ते आकडे होते.

"ते एकाही फोटोत नाहीत," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचे काढले. त्यांचा कोणी काढला नाही. मला कॅमेऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत, रोल वाया जाईल म्हणून. लग्नातला एक फोटो होता, तोही वाळवीने खाल्ला." त्यांनी मान वळवली. "इथे उभे. इथे. पायरीपाशी. किती ठिकाणी आहेत."

त्या खुर्चीतून उठल्या. मी त्यांचा दंड धरला. ओटीवर चार पावलं चालल्या, थांबल्या, हात वर करून हवेत एका उंचीवर स्थिर धरला. तो त्यांच्या कपाळाच्याही खाली होता.

"एवढेच होते," त्या म्हणाल्या. "बुटके म्हटलं की रागवायचे."

मी लॅपटॉपवर त्या शंकूची उंची बघितली. जमिनीपासून जेमतेम पावणेपाच फूट. डोळ्याशी धरलेला कॅमेरा, म्हणजे मास्तरांच्या डोळ्यांची उंची. इतर शंकूही तेवढ्यावरच होते. इंचभर इकडेतिकडे.

बाई अजून बघत होत्या. "मग तिकडचे ते एवढे उंच का?"

"कुठले?"

"त्या टोकाला. घोळका आहे ना तो."

मी बघितलं. खरंच, अकरा शंकू एका ठिकाणी जमले होते, बाकीच्यांहून चांगले अडीच फूट वर. मी त्यांना बऱ्याचदा पाहिलं होतं. कधी स्टूल घेतलं असेल म्हणून सोडून दिलं होतं. मी ते फोटो उघडले. दर वर्षीचे वर्गाचे फोटो होते. मुलं अंगणात रांगेने बसलेली, मागे शाळा. सगळे थोडे तिरके. समोरून नाही, उजवीकडून काढलेले. म्हणूनच तर डावी भिंत मला कधी मिळाली नव्हती.

"बाई, वर्गाचा फोटो काढताना मास्तर कशावर चढायचे?"

"सगळी मुलं यायला हवीत ना. मागची लपायची. मग मास्तर..." त्या थांबल्या. हेडसेटखाली त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी तो दोन्ही हातांनी काढला आणि माझ्याकडे बघितलं. डोळे पाणावलेले होते, पण आवाज वर्गातला होता. "बावीच्या कठड्यावर. मी ओरडायचे त्यांना. पाय घसरला तर आत जाल म्हणून. दर वर्षी ओरडायचे."

मी वरून बघायचं बटण दाबलं. अकरा शंकूंची टोकं एका ओळीत नव्हती. एका बाजूला झुकलेल्या कोयत्यासारखी, गोलाच्या तुकड्यासारखी पडली होती. कठड्याच्या शाळेकडच्या कडेवर माणूस दर वर्षी थोडा इकडे, थोडा तिकडे उभा राहील तशी. शाळेच्या उजव्या हाताला.

विहीर फोटोंत नव्हती, कारण फोटो तिच्यावर उभं राहून काढले होते.

मी तिथूनच राजनना फोन लावला. "उद्याचा जेसीबी थांबवा. जागा चुकलीय. उजवीकडे आहे."

"मॅडम, तुमीच डावी म्हणालात. आबाचो फोटो..."

"आबांच्या फोटोचं काय झालंय ते अजून कळलं नाही. पण थांबवा."

आबांकडे जाताना मला खरंच भीती वाटत होती. माझ्या चुकीची नाही, ती तर झालीच होती. देवांच्या रांगेत टांगलेल्या फोटोला खोटं कसं म्हणायचं, याची. मी फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा बघितला होता आणि एक गोष्ट दिसली होती. पण ती मी सांगणं बरं नव्हतं. मी तो फोटो आबांच्या हातात दिला.

"आबा, तुमचे वडील खमिसाचा खिसा कुठल्या बाजूला शिवून घ्यायचे?"

"डाव्या. सगळ्यांचो डावोच आसता. कित्याक?"

"बघा ना."

त्यांनी चष्मा लावला. फोटो उजेडात धरला. वडिलांचा खिसा त्यांच्या उजव्या छातीवर होता. आईचा पदरही उलट्या खांद्यावर होता. फोटोग्राफरने निगेटिव्ह उलटी ठेवून छापली होती. डावं उजवं झालं होतं, उजवं डावं.

आतून त्यांच्या सूनबाई चहा घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

"माका बाव आठवता म्हणान मिया सांगी होतंय," आबा म्हणाले. "डोळ्यांफुडे दिसता माका. आई पाणी काडता. पण चार वर्सांच्या पोराक काय आठवतला? मिया ह्यो फोटोच बघलंय सगळो जन्म." त्यांनी अंगठ्याने काच नसलेल्या कागदावरून वडिलांचा खिसा पुसला. "आता खरां खंयचां आठवता, ताच कळना नाय."

"तुमचा फोटो खरा आहे, आबा. फक्त उलटा छापलाय."

"बाईंक सांगा, आबा चुकलो," ते म्हणाले. "नाय, ऱ्हवांदे. मियाच जाऊन सांगतंय." आणि चप्पल घालून खरंच निघाले.

नकाशावरची जागा बदलून घ्यायला आठवडा गेला. पुढच्या सोमवारी सकाळी, ऊन चढायच्या आधी, मी वाळूत जागा आखायला गेले. जीपीएसवर आकडे बघून खुंटी ठोकायची एवढंच काम. पण मी बरोबर बांबूच्या काड्या आणि निळ्या कापडाचे तुकडे नेले होते. एकसष्ट नाही, जमल्या तेवढ्या. मास्तर जिथे जिथे उभे होते तिथे तिथे एकेक काडी रोवली. समुद्रावरून हलका वारा येत होता आणि निळी कापडं हलत होती. सुरूंच्या मध्ये, वेलीवर, कुठे टेकाडाच्या उतारावर.

आबा बाईंना धरून घेऊन आले. बाईंनी चपला काढल्या. त्या एका काडीपाशी गेल्या, मग दुसऱ्या. प्रत्येकीपाशी उभं राहून मास्तर ज्या दिशेला बघत होते त्या दिशेला बघायच्या. समोर फक्त वाळू आणि सुरू. त्यांना काय दिसत होतं मला माहीत नाही. एक काडी बाकीच्यांहून लांब होती, पाण्याच्या दिशेला.

"इथून कोणाचा काढला?" त्यांनी विचारलं.

मी यादी बघितली. "तुमचा, बाई. तुम्ही एकट्याच आहात. हातात छत्री."

"शाळेत रुजू झाले त्या वर्षीचा," त्या म्हणाल्या. "लग्नाआधीचा." त्या काडीपाशी उभ्या राहिल्या आणि जिथे त्या स्वतः छत्री घेऊन उभ्या होत्या त्या रिकाम्या वाळूकडे बघत राहिल्या. "लाजले होते म्हणून हलले तर नाही ना मी?"

"नाही. अगदी नीट आलाय."

जेसीबी आला तेव्हा काड्या काढाव्या लागल्या. त्या बाईंनी स्वतः काढल्या.

खोदणं हे बघायला फार कंटाळवाणं काम आहे. वाळू घसरते, म्हणून खड्डा रुंद करत जावा लागतो. जुन्या जमिनीवर त्या जागी दहाएक फूट वाळू आहे हे मी आधी काढून ठेवलं होतं. त्यातून कठड्याची उंची वजा केली, तर साडेसात फुटांवर दगड लागायला हवा. साडेसात फूट झाले. काही नाही. आठ झाले. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं. राजन घाम पुसत उगाच फोनवर बोलत राहिले. साडेआठ फुटांच्या जवळपास बकेट कशाला तरी घासली आणि दगडावर लोखंड खरवडल्याचा आवाज झाला. ड्रायव्हरने लगेच मशीन थांबवलं. दोघं माणसं फावडी घेऊन उतरली. वाळूखालून लाल चिऱ्याची कड आली. मग तिच्या शेजारचा चिरा, थोडा वळलेला. मग त्याच्या शेजारचा.

माझी खुंटी विहिरीच्या मध्यापासून दोन हात पूर्वेला होती आणि खोली फुटभर चुकली होती. डाव्या बाजूला खोदलं असतं तर शाळेची पूर्ण रुंदी ओलांडून पलीकडे खोदलं असतं.

विहीर वाळूने भरलेली होती. माणसांनी आत उतरून घमेल्यांनी ती रिकामी करायला आठ दिवस घेतले. एका बाजूचा कठडा ढासळला होता, तो पुन्हा बांधला. नवव्या दिवशी तळाला पाणी धरलं. आधी गढूळ, मग निवळलेलं. आबांनी पहिला तांब्या भरून बाईंना नेऊन दिला.

बाईंनी घोट घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"वाळू आहे," त्या म्हणाल्या.

"आणि?"

"गोडं आहे."

पाणी तपासायला पाठवलं. रिपोर्ट चांगला आला. फक्त पंप थोडाच वेळ चालवा, जास्त उपसलं तर खालचं खारं वर येईल, असं त्यात लिहिलं होतं. गाव ते पाळतं. टँकर बंद झाला आहे. आबांनी फोटो पुन्हा टांगला आहे, आहे तसाच, उलटा. सरळ छापून देते म्हटलं तर नको म्हणाले.

केतनना मी सगळं लिहून पाठवलं आणि न भरलेली शाळा क्लायंटला दिली. ते म्हणाले, "भोकं आहेत." मी म्हटलं, "क्लायंटने मंजूर केलीत." राजननी खरंच मंजूर केली होती. पर्यटक मोबाइल धरून शाळेला वळसा घालतात आणि डावी भिंत विरते तिथे जरा थांबतात. तक्रार अजून कोणाची आली नाही.

आमच्या धंद्यात फोटोत काय आहे ते शोधायला शिकवतात. मीही दहा वर्षं तेच करत होते. कॉम्प्युटरने आबांचा फोटो नाकारला होता, तेव्हा का नाकारला हे विचारायला हवं होतं. मी त्याला गप्प केलं, कारण मला हिरवी अक्षरं हवी होती. आता एखादा फोटो जुळला नाही की मी आधी त्या घरी फोन करते आणि विचारते, हा काढला कोणी आणि तो कशावर उभा होता. पुष्कळदा उत्तर मिळत नाही. तेव्हा ती जागा मोकळी सोडते आणि रिपोर्टमध्ये लिहिते, माहीत नाही. त्यासाठी रिपोर्टच्या फॉर्ममध्ये रकाना नाहीये. मी हाताने आखते.